वाईच बोलायचं हुतं

पैसे मागायची एक वेळ असते. ती पंचांगात सापडत नाही, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्या मालकाला विचारा, तो अचूक सांगेल. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मशिनं बंद होतात, बाकीचे साबणाने हात घासून गाड्या काढायला लागतात आणि एकजण मागं रेंगाळतो. त्याला एकाएकी स्वच्छतेचं वेड लागतं. लेथखालचा लोखंडाचा कीस तो पुन्हा एकदा झाडतो. पुसलेलं वर्नियर पुसतो. नीट लावलेले पाने काढून परत तसेच लावतो. शेवटी केबिनच्या दारात येऊन चौकटीला टेकतो आणि म्हणतो, "मालक, वाईच बोलायचं हुतं."

हे ऐकलं की मालकाचा हात आपसूक वरच्या खिशाकडे जातो. देण्यासाठी नव्हे, खिसा झाकण्यासाठी.

मी असल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. कुणी ऑइल इंजिनाचे सुटे भाग करतो, कुणी पंपाचे, कुणी मोठ्या कंपन्यांना लागणारे बुश आणि पिना. दहा-बारा माणसं, चार-पाच मशिनं, एक केबिन, केबिनमध्ये एक खुर्ची मालकाची आणि कोपऱ्यातलं एक स्टूल माझं. स्टुलावर बसून कॉम्प्युटरकडे तोंड केलेल्या माणसाला फर्निचरचा दर्जा मिळतो. त्याच्यादेखत माणसं काहीही बोलतात. त्यामुळे उचल मागण्याची कला मला जितक्या जवळून पाहायला मिळाली, तितकी कुणा सावकारालाही मिळाली नसेल. सावकाराकडे माणूस थेट आकडा सांगतो. मालकाकडे कथा सांगावी लागते.

कथा कधीच पैशांपासून सुरू होत नाही. ती आभाळापासून सुरू होते. औंदा पाऊस लवकर हाय म्हणत्यात. मग घराचे पत्रे येतात. पत्र्यांवरून थोरल्या भावाशी झालेली वाटणी, वाटणीवरून आईचं दुखणं, दुखण्यावरून दवाखाना, आणि मालक आता पुरता सुन्न झालाय असं दिसलं की शेवटी आकडा. या आकड्याचंही शास्त्र आहे. ज्याला दहा हजार हवे असतात तो वीस म्हणतो. मालकाला हे माहीत असतं, म्हणून तो पाच काढतो. मालक पाच काढणार हे मागणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून पुढच्या खेपेला तो तीस म्हणतो. कारखान्यात बाकी सगळं सुताच्या हिशेबात मोजणारी ही माणसं पैशांच्या बाबतीत एवढा टॉलरन्स ठेवून चालतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

उचलीला ऋतू असतात. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश आणि ते पत्रे. भाद्रपदात गौरी-गणपती. दिवाळीला बोनस मिळतो म्हणून तेवढ्यापुरती शांतता. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि कुणाची मेव्हणी, कुणाची भाची, कुणाची स्वतःचीच पोरगी उभी राहते. चैत्रात जोतिबाची यात्रा, तिच्या मागेपुढे गावोगावच्या म्हाया. म्हाई म्हणजे गावजत्रा. पै-पाहुणे, मित्रमंडळी, मित्रांचे मित्र, सगळ्यांना मटणाचं जेवण. दवाखान्यासाठी पैसे मागताना जो माणूस मान खाली घालतो, तोच म्हाईसाठी मागताना ताठ उभा असतो. कारण दुखणं त्याच्या एकट्याचं असतं आणि म्हाई गावाची. "मालक, तुम्ही बी यायचं," हे आमंत्रण त्याच वाक्यात असतं. आपणच दिलेल्या पैशांचं मटण आपल्यालाच आग्रहाने वाढलं जातं, आणि मालक दोन वाट्या तांबडा रस्सा पिऊन समाधानाने परत येतो. एवढी रुचकर परतफेड कुठल्या बँकेला मिळत नाही.

मालकाच्या पैशांनाही ऋतू असतात, पण ते बरोबर उलटे. वीस तारखेला जीएसटी, महिनाअखेरीस वीजबिल, मार्चमध्ये सगळंच. त्यामुळे दारातला माणूस आणि खुर्चीतला माणूस एकाच वेळी कडकीत असण्याचा योग वारंवार येतो.

"द्यावेत का हो?" मालक मला विचारतात. हिशेब कळणाऱ्या माणसाने 'नाही' म्हणावं, अशी त्यांची मनापासून इच्छा असते. म्हणजे मग दारात उभ्या माणसाला सांगता येतं, "माझं काय न्हाई रे, पण सायेब नको म्हणत्यात." मी ही भूमिका आनंदाने करतो. नाही म्हणण्याचं श्रेय माझ्याकडे, आणि आठवड्याने हळूच ड्रॉवर उघडून दिल्याचं पुण्य त्यांच्याकडे, अशी आमची श्रमविभागणी आहे.

पण खरं सांगायचं तर पुष्कळ मालकांना उचल द्यायला आवडते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. आधी कपाळाला आठ्या, मग एक सुस्कारा, मग किल्ली, मग ड्रॉवर. आणि ड्रॉवर उघडता उघडता भाषण. काटकसरीवर, मोबाइलच्या रिचार्जवर, मावा-गुटख्यावर, हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलवर, आणि 'मी तुझ्या वयाचा असताना' या प्राचीन काळावर. बिनव्याजी म्हणून दिलेल्या रकमेचं व्याज इथे रोख वसूल होतं. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. धर्मशास्त्रात तो होता आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला: व्याजापोटी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. हा नियम उपदेशालाही लागू करायला हवा, असं मला स्टुलावर बसून फार वेळा वाटलं आहे. दोन हजारांच्या उचलीवर दोन हजारांचंच भाषण. त्यापुढचा शब्द बेकायदा.

पैसे हातात पडले की दोघांचं नातं अर्धा इंच सरकतं. आधी मालकाला कामगार फक्त मशीनवर दिसत असे, आता तो सगळीकडे दिसू लागतो. रंकाळ्यावर भेळ खाताना दिसतो. पोराला नवीन बूट घेतलेले दिसतात. "बुटाला पैसे हाइत," मालक मला हळूच सांगतात, जणू मी बुटांची नोंद घेणार आहे. स्वतःचे पैसे दुसऱ्याच्या घरात कुठे कुठे फिरतात, हे बघत राहण्याची एक नवीच नोकरी मालकाला लागते आणि तिला पगार नसतो.

दुसरीकडे, ज्याच्या अंगावर पैसे आहेत तो कामगार बिचारा दबून राहतो, असा एक समज आहे. मी पाहिलं ते वेगळंच. एका टर्नरच्या अंगावर अठरा हजार होते. त्याने एक बोअर मोठा काढला. जॉब वाया, कास्टिंग वाया, दिवस वाया. मालक केबिनमधून उठले, दारापर्यंत गेले, थांबले. मला ते थांबणं दिसलं. हा रागावून उद्यापासून आला नाही, तर अठरा हजार कुणाकडे मागायचे? ते वळले आणि ड्रिलवरच्या हेल्पर पोराला बोलले, की तुझं लक्ष कुठे असतं, चहाचे कप अजून तसेच पडलेत. त्या पोराच्या अंगावर एक पैसा नव्हता. म्हणूनच त्याला बोलता आलं. टर्नरने शांतपणे नवीन कास्टिंग चकमध्ये बांधलं.

उचलीची वही वेगळी असते. लाल कापडाची, लांबट, ड्रॉवरमध्ये खालच्या बाजूला. पगाराच्या रजिस्टरवर पाच हजारांच्या वर रक्कम गेली की एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, सही लागते. या वहीत काहीच लागत नाही. एका पानावर मी पाहिलेल्या नोंदी अशा होत्या: मे, ५,००० (पत्रे). जून, २,००० (फी). जूनच्या पगारातून वजा १,०००. जुलै, वजा नाही (बायको दवाखान्यात). ऑगस्ट, ३,००० (गौरी). सप्टेंबर, वजा ५००, पुढे बारीक अक्षरात 'बाकीचे राहू दे म्हणाला'. रकमा कुणीही लिहील. कंस मालकाचे स्वतःचे. हिशेब कॉम्प्युटरवर घेतला तेव्हा मी कंस सोडून दिले, तर मालक बेचैन झाले. "कशाला दिले ते नको का कळायला?" टॅलीत नॅरेशनची जागा असते, तिथे आता 'पत्रे' आणि 'गौरी' असं येतं. लेखापरीक्षक दरवर्षी त्यावर बोट ठेवून 'ही गौरी कोण' असं विचारतात.

टॅलीला मात्र कंसातलं काही कळत नाही. तिच्या लेखी दिलेली उचल म्हणजे येणं, आणि येणं म्हणजे मत्ता. कुणी एक फिटर चौदा हजार अंगावर घेऊन गारगोटीकडच्या गावी गेला तो गेलाच. फोन लागत नाही. लागला तर बायको म्हणते, रानात गेल्यात. पण ताळेबंदात तो दर ३१ मार्चला इमाने इतबारे हजर असतो, मालमत्तेच्या बाजूला, नवीन घेतलेल्या ड्रिलच्या खाली. "काढून टाकू का?" असं मी विचारतो. मालक म्हणतात, "असू दे. यील."

हे 'यील' मला फार मराठी वाटतं. आपल्याकडे कर्जखतांचं काय करायचं, याचे दोन टोकाचे दाखले आहेत. देहूचे तुकोबा महाजनकी, दुकानदारी आणि सावकारी असलेल्या घरातले. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा सगळ्यांना माहीत. तिचा दुसरा भाग कुणी रंगवून सांगत नाही: खतांची आधी वाटणी झाली, आणि धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला अर्धा हिस्सा ठेवून घेतला. कान्होबालाही घर होतं, पोटं होती, दुकान होतं. पुढे १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं हिसकावून जाळली, आणि त्या दंग्यांनी सरकारला १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करायला लावलं. म्हणजे या मुलखातल्या कर्जाच्या कागदांना पाणी आणि आग दोन्ही ठाऊक आहेत. उद्यमनगरातला मालक या दोन्हींच्या मधला. तो तुकोबांचा फोटो केबिनमध्ये लावतो आणि वही कान्होबाची ठेवतो. बुडवायचं धाडस नाही, वसुलीला जायचं धाडस त्याहून नाही. म्हणून 'यील'.

इथपर्यंत उचल ही गमतीची गोष्ट आहे. पण कोल्हापुरात राहून ती नेहमीच गमतीची वाटत नाही, कारण दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथल्या रस्त्यांवर बीडकडची माणसं संसार लादलेल्या ट्रॅक्टरांतून उतरायला लागतात. ऊसतोडीचा सगळा डोलारा उचलीवर उभा आहे. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती नवराबायकोच्या जोडीला मिळून. त्या जोडीला म्हणतात एक कोयता. मग टनावर मजुरी, आणि मजुरीतून उचल फेडायची. एक दिवस अंग दुखलं म्हणून फडात गेलं नाही तर खाडा, त्याचे पैसे वर कापले जातात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, म्हणजे पुढच्या वर्षी कुठे जायचं हे आजच ठरलेलं. तिथे 'वाईच बोलायचं हुतं' अशी सुरुवात नसते. तिथे मागणाऱ्याच्या दारात देणारा स्वतः जातो. आणि या साखळीत मुकादमाने आपल्याकडून लाखोंची उचल घेऊन पोबारा केला म्हणून पोलीस ठाण्यात खेटे घालणारे वाहतूकदारही आमच्याच जिल्ह्यात भेटतात. पैशाने माणूस बांधायला गेलेल्याचा दोर कधी कधी असा दुसऱ्या टोकाने सुटतो.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने उचलीपोटी माणसाला कामाला बांधून घेणं गुन्हा ठरवलं. कायदा वाचला तर त्यात साखळदंड वगैरे काही नाही, उचल आहे. म्हणून एखादा मालक जेव्हा मला डोळा मारून सांगतो, "थोडे अंगावर असू द्यावेत, माणूस टिकतो," तेव्हा माझं स्टूल मला टोचायला लागतं. त्याला वाटतं ही धंद्यातली हुशारी. शेजारच्या गल्लीतला मालकही तेवढाच हुशार असतो. तो एक दिवस येतो, टर्नरच्या अंगावरची बाकी रोख टेबलावर ठेवतो आणि टर्नर घेऊन जातो. "अंगावरचे भरून नेला," असं नंतर चार ठिकाणी सांगितलं जातं. सेकंडहँड मशीनच्या सौद्याची भाषाही याहून फार वेगळी नसते. त्या सौद्यात टर्नरला काय वाटलं, हे विचारायची पद्धत नाही.

मग माणूस मालकाकडेच का येतो? बँका नाहीत का? आहेत की. कोल्हापूर जिल्ह्यात पतसंस्थांना तोटा नाही. एकेका गल्लीत गणपती मंडळ, तालीम आणि पतसंस्था हे तिन्ही असतात. पण पतसंस्थेला पगारपत्रक लागतं, आणि कागदावरचा पगार व हातातला पगार यांची छोट्या कारखान्यात नेहमीच गाठ पडते असं नाही. शिवाय जामीनदार लागतात, दोन. मग एका संध्याकाळी पुन्हा चौकटीला टेकून: "मालक, पैसे नकोत. निस्ती सही पायजे." अनुभवी मालक या वाक्याला पैशांच्या मागणीपेक्षा जास्त घाबरतो, आणि ते बरोबरच आहे. उचल दिली तर जास्तीत जास्त दिलेले पैसे बुडतात. जामीन राहिलं तर न दिलेले पैसे बुडतात, आणि वर आपल्याच नावाची नोटीस आपल्यालाच सही करून घ्यावी लागते. माझ्या ओळखीचे एक मालक सही मागितली की तिथल्या तिथे पाच हजार काढून देतात. सुटका स्वस्तात झाली म्हणून त्यांचा चेहरा उजळलेला असतो.

सोनं तारण ठेवायचं तर बायकोच्या गळ्याला हात घालावा लागतो, आणि तिथली माळ आधीच एकदा गहाण जाऊन सोडवून आणलेली असते. बायकांच्या गटाचं फायनान्स असतं, पण त्याचा हप्ता ठरल्या वारी भरायचाच. वार चुकला तर बाकीच्या बायका दारात. हल्ली पोरांच्या मोबाइलमध्ये कर्जाची ॲप असतात. पाच मिनिटांत पैसे जमा, आणि हप्ता चुकला की त्यांतली काही फोनमधल्या सगळ्या नंबरांवर धमक्या सुरू करतात. या नंबरांत 'मालक' हा नंबर बहुधा वरच्या बाजूला असतो. एका हेल्परसाठी हिंदीत शिव्या खाल्ल्यावर आमच्या एका मालकांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "लेकांनो, त्यापरीस माझ्याकडं मागा. मी मराठीत देतो."

या सगळ्यात मालकाचं उजवं ठरतं ते एवढ्यासाठी, की तो कागद मागत नाही आणि तोंड ओळखतो. आजाराला, मयताला, पोराच्या ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेला हेच लागतं. अशा वेळी ज्याच्याकडे ड्रॉवर आहे त्याने तो उघडावा, असं माझं साधं मत आहे; हिशेबनीस म्हणून मी त्यात एवढीच भर घालतो की रक्कम मोठी असेल तर बँकेतून द्या. वीस हजार आणि त्यावरचं कर्ज रोखीत घेतलेलं आयकराला चालत नाही. आणि कापायचं तर थोडं कापा. पगाराच्या निम्म्याहून जास्त कापू नये असं कायदाच म्हणतो, पण निम्मा पगार कापलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात परत चौकटीला टेकतो, हे कळायला कायदा लागत नाही.

पण उचलींची सगळी वही आजारपणाची नसते. फी, किराणा, गॅस, वीजबिल. दर महिन्याला तीच माणसं, त्याच सुमारास, जवळपास तेवढीच रक्कम. असली पानं मला अडचणीची दिसत नाहीत, तुटीची दिसतात. त्या माणसाला दर महिन्याला पुरत नाही, एवढंच ती पानं सांगतात. हे मी बोलून दाखवलं की विषय बदलतो. पगारवाढ म्हटलं की मालकाच्या कपाळाच्या आठ्या सुस्काऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. आणि का पोचाव्यात? उचल परत येते. नाही आली तरी उपकार उरतो. पगारवाढ दर महिन्याला जाते आणि तिचे आभार फक्त पहिल्या महिन्यात मिळतात. वरून तिच्यावर भाषणही करता येत नाही.

मध्यंतरी असंच एका केबिनमध्ये बसलो होतो. तारीख वीस. टर्नर आठ हजार मागून गेला होता, मालक किल्ली बोटावर फिरवत होते आणि मला म्हणत होते, "बघा, आपणच बँक झालोय. सगळ्यांना कर्ज वाटत बसायचं." माझ्यासमोर त्याच महिन्याचं मस्टर उघडं होतं. म्हटलं, मालक, याची हजेरी किती? सतरा दिवस. रोजचे सहाशे. सतरा सक किती? दहा हजार दोनशे. हे काम त्याने तुम्हाला करून दिलं आहे, जॉब कंपनीला पोचलेत. पगार कधी होणार? "सात तारखेला. कायद्यानं सातच्या आत, आपण कधी उशीर केलाय?" नाही केला. पण मग आज तारीख वीस, आणि तुमच्याकडे त्याचे दहा हजार दोनशे आहेत. बिनव्याजी, बिनजामीन, बिनतारण. त्यातले तो आठ मागतोय. कर्ज कोण देतंय कुणाला?

मालकांची किल्ली थांबली. मी त्यांना ताळेबंदाचं मागच्या मार्चचं पान दाखवलं. उजव्या बाजूला मत्तेत सगळ्यांची मिळून उचल. डाव्या बाजूला देण्यांमध्ये 'देय पगार' अशी एक ओळ. ती त्यांनी कधी वाचलीच नव्हती, कारण डावी बाजू कुणी आवडीने वाचत नाही. देय पगाराचा आकडा उचलीच्या आकड्यापेक्षा मोठा होता. दर ३१ मार्चला तो मोठाच असतो. सगळ्या कामगारांनी मिळून मालकाला जे दिलेलं असतं, त्यातलंच थोडं उचल म्हणून परत जातं, आणि जाताना त्यावर भाषण होतं.

"म्हंजे मीच देणेकरी?"

"वीस तारखेला, हिशेबानं, हो."

त्यांनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा खुलला. "आन् मग कंपनी? तिच्याकडं माझी तीन महिन्यांची बिलं हाइत." ती होतीच. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायला हवेत. त्या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येतो, असं आयकराच्या बाजूनेही आता आवळलेलं आहे. पण पुरवठादार कायदा घेऊन परचेसच्या साहेबाकडे गेला की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते, म्हणून कुणी जात नाही. तर टर्नर मालकाला वाट बघून कर्ज देतो, मालक कंपनीला देतो, आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात लघुउद्योगांना आधार दिल्याचा रंगीत फोटो असतो. सगळ्यात मोठा कर्जदार सगळ्यात वर बसलेला, आणि सगळ्यात लहान सावकार खाली मशीनवर हात पुसत उभा. त्याला मात्र वाटत असतं की आपण मागायला आलोय.

मालकांनी ड्रॉवर उघडला. आठ हजार मोजले, पूर्ण आठ, आणि लाल वही काढून नोंद केली. कंसात काय लिहावं यावर पेन थोडं अडलं, मग त्यांनी 'पगारातलेच' असं लिहिलं. मला बरं वाटलं. मी कॉम्प्युटरकडे वळलो, तेवढ्यात ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "सायेब, तुम्ही सांगितलं ते पटलं. पण हे खाली मशीनवर बोलू नगा."

"का हो?"

"व्याज मागतील."

मग टेबलावरचे कागद त्यांनी एकत्र केले, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत सहज म्हणाले, "तुमचं मार्चचं बिल हाय न्हवं माझ्याकडं? ते आता पुढल्या महिन्यात बघूया."